भेगेच्या मापाची तसबीर

आमच्या हॉलच्या भिंतीवर सध्या वर्तमानपत्राचे चौकोन चिकटवलेले आहेत. दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली, आणि चंद्रपूरच्या या फ्लॅटमध्ये भिंतीवर काय लावायचं नि कुठं लावायचं हा घोळ रोज जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोचतो. एक कागद आडवा, एक उभा, मधे एक मोठा, त्याच्या अंगाला दोन लहान. आधी कागद लावायचे, येताजाता नजरेखालून घालायचे, पटले की मग त्या जागी खऱ्या फ्रेमा चढवायच्या, अशी ही रीत. माझी सून ऋतुजा ती मोबाइलवर बघून शिकली आहे. "फोटोचा मध्य आपल्या डोळ्यांच्या उंचीला यायला हवा, आई," ती मला समजावते. मी विचारलं, कुणाच्या डोळ्यांच्या? तुझा नवरा ताडमाड, मी ही एवढीशी. ती हसली आणि तिनं सगळे कागद जरा खाली घेतले. पोरगी गुणाची आहे, नावं ठेवायला जागा देत नाही.

काल तिनं एक कागद माझ्या हातात दिला. "हा तुम्ही ठरवा. कुठे छान दिसेल?" मी हौसेनं उठले, भिंतीपाशी गेले आणि तळहात फिरवायला लागले. वरून खाली, मग आडवा, मग कोपऱ्यात. "काय बघताय?" तिनं विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. खरं म्हणजे मी भेग शोधत होते. माझ्या माहेरी तसबीर कुठं लावायची हे भेग सांगते. भेग दिसली की खिळा, खिळा ठोकला की देव नाहीतर माणूस. इथं पुट्टी घासून गुळगुळीत केलेली भिंत, वर सायीच्या रंगाचा हात, भेग औषधालासुद्धा नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर मला एक जागा सांगता येईना. मी कागद तिला परत दिला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. कपडे अजून ओलेच होते.

हे दिवसच मला सोसत नाहीत. बाकीच्यांना फार गोड वाटतात. पाऊस मागे सरलेला असतो, दुपारचं ऊन चटका देतं पण पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, बाजारात सीताफळं येतात, शिंगाडे येतात. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन एक बाई बसते, तिची बोटं काळी झालेली असतात. मी नको नको म्हणत थोडे घेते आणि घरी येऊन एकटीच सोलत बसते. तो चिखलाचा वास नाकात गेला की मी आमच्या गावच्या तलावात गुडघाभर पाण्यात उभी असते. तो तलाव आता नाही. म्हणजे खड्डा आहे, त्यात पाणी नाही. खाण जसजशी खोल गेली तसतसं तलावातलं पाणी उतरत गेलं. हे शिंगाडे कुठल्या तलावातले, असं मी त्या बाईला कधी विचारत नाही.

आमचं गाव भद्रावतीकडचं, नदीच्या अंगाला. माझे बाबा मासे धरायचे, नदीत आणि तलावात, आणि माय पाटी डोक्यावर घेऊन आजूबाजूच्या गावांत विकून यायची. गावाला डोंगर नव्हता, तो खाणीनं दिला. कोळशावरची माती काढून एका बाजूला टाकत गेले आणि बघता बघता आमच्या परसामागं डोंगर उभा राहिला. त्यावर आता बाभळी उगवल्या आहेत, नव्या माणसाला तो खराच वाटतो. माझा धाकटा भाऊ गजू त्याच खाणीत कंत्राटावर टिप्पर चालवतो. आमची चूलही त्याच खड्ड्यावर पेटते, त्यामुळे आमच्या घरात खाणीला शिव्या देताना आवाज जरा खालीच ठेवतात.

दुपारची जेवणं उरकता उरकता खाणीत सुरुंग उडवण्याआधीचा भोंगा होतो. भोंगा झाला की माय ताटावर दुसरं ताट झाकते. मग पायाखालची जमीन सरकल्यासारखी होते, छपरावरचे कवेलू खडखडतात, आढ्यावरून माती भुरभुरते, कुत्री भुंकतात, आणि झालं. लोक पुढचा घास घेतात. फक्त भिंतीवरचे सगळे फोटो तिरपे झालेले असतात. माय हात धुऊन उठते आणि एकेकाला सरळ करत जाते. उलट्या हातानं, हळूच, लहान पोराची टोपी नीट करावी तशी. लग्नानंतर मी माहेरी गेले की पहिल्या दिवशी दचकायचे आणि दुसऱ्या दिवसापासून मीही ताट झाकायला लागायचे. माणूस कशालाही सरावतो याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

पहिली भेग मधल्या खोलीत आली, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली. मायनं तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलं. वर्ष संपलं, तारखा फाडून टाकल्या, गणपती राहिला. पुढची भेग आली तेव्हा बाबा नुकतेच गेले होते, ती बाबांच्या फोटोनं झाकली. त्या फोटोची चौकट सागाची आहे. आलापल्लीला माझे मामा आरागिरणीत होते, त्यांनी उरलेल्या पट्ट्या आणून दिल्या होत्या. मग माझ्या लग्नाचा फोटो. मग गजूच्या वर्गाचा, ज्यात गजू कुठला हे फक्त मायलाच सापडतं. मी शाळेत असताना कापडावर भरलेले दोन पोपट आणि त्यांच्या खाली 'सुस्वागतम्', त्यातला 'ग' जरा घसरलेला. बर्फाचे डोंगर, धबधबा आणि लाल छपराचं घर असलेलं ते चित्र, जे प्रत्येक जत्रेत मिळायचं आणि ज्यातलं गाव कुठलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसायचं. सगळ्यात लांब भेगेवर बाबांचं जाळं, खुंटीला टांगलेलं, तलाव आटल्यापासून कोरडं.

आणि देवघराच्या बाजूला जिवती. जिवती म्हणजे पोराबाळांना सांभाळणारी देवी. श्रावणाच्या तोंडावर तिचं चित्र छापलेला नवा कागद घरोघरी भिंतीला खळीनं चिकटवतात. माय जुना कागद कधी काढत नाही. त्याच्यावरच नवा, पुन्हा त्याच्यावर नवा, असा तिथं कागदांचा चांगला पुठ्ठा झाला होता. खालून गेलेली भेग पुठ्ठ्याच्या वर दिसायची, खाली दिसायची, मधे नाही. "पाह्य, माझ्या जिवतीनं धरून ठेवली भित," माय म्हणायची. मला हसू यायचं, पण कधी कधी खरंच वाटायचं की हे घर विटांवर नाही, त्या खळीवर उभं आहे.

बाहेरून येणाऱ्याला ती भिंत सुंदर दिसायची, हेच तर दुखणं. एकही फोटो दुसऱ्याच्या रांगेत नाही, एक छताजवळ, एक कमरेएवढा खाली, तरी सगळं कुठंतरी जमून आलेलं. ऋतुजा नवी नवरी म्हणून तिथं गेली तेव्हा भिंतीसमोर उभीच राहिली. "आई, आजींची नजर काय आहे! असं मुद्दाम वेडंवाकडं लावून घ्यायला लोक खास माणसं बोलावतात." माय पदरात तोंड लपवून हसली. तिला समजलं एवढंच, की नातसुनेला भिंत आवडली.

मी आता सांगणार आहे ती दिवाळी त्याच्याही आधीची. दसऱ्यानंतर मी माहेरी गेले होते, मायला एकटीला भिंती पोतारणं, म्हणजे मातीनं सारवणं झेपेना म्हणून. शेतात धान पिवळं पडत होतं, सोयाबीन कापून ढीग घातलेले होते, मळणीच्या यंत्राचा आवाज दिवसभर यायचा. कपाशी फुटायला लागली होती, आणि बोंडाला हात घालण्याआधी बाया झाड हलवून पानांवरची काळी धूळ झटकायच्या. अंगणात खाट टाकून आम्ही सगळ्या तसबिरी तिच्यावर मांडल्या. देव, बाबा, मी, गजूचा वर्ग, पोपट, बर्फाचे डोंगर, सगळे आभाळाकडे तोंड करून उन्हात पडले. आत उघडी भिंत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. भेगा एकमेकींना भेटायला निघाल्या होत्या. काही भेटल्याही होत्या.

"माय, यात तं बोट जाते," मी म्हटलं. माहेरची हवा लागली की माझी बोलीही लगेच पलटते.

"बोट घालून कायले पाहून राह्यली? माती दे इकडे."

"गजूले दाखवलं का?"

"त्याले काय दाखवाचं? त्याले मालूम नाई का घर काऊन हालते तं?"

तिनं भेगांत माती दाबून भरली, शेणमातीचा हात दिला, वरून पांढरी माती फिरवली. ओल्या मातीचा तो थंड वास घरभर झाला. संध्याकाळपर्यंत भिंत अशी झाली की जणू हिला कधी काही झालंच नव्हतं. वाळली की भेग पुन्हा डोकं वर काढणार हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून ती वाळायच्या आत आम्ही एकेक तसबीर परत आणली. माय आज्ञा सोडायची आणि मी हात वर करायचे. अजून इकडे. थोडी खाली. आता बराबर. गाणं गुणगुणत होती ती. मला आठवतं, त्या दिवशी मी फार सुखात होते.

त्याच आठवड्यात गावात दवंडी झाली होती. खाणीकडून माणसं येणार, घरं बघणार, ज्या घरांना तडे गेले असतील त्यांना सडकेपलीकडे नव्या वस्तीत पक्कं घर मिळणार. हे सगळ्यांनी ऐकलं, समजलंही सगळ्यांना. पण आमच्याकडच्या बायांच्या कानात त्यातलं एकच वाक्य राहिलं, की माणसं घर बघायला येणार आहेत. झालं. मुलगी बघायला येणार असल्यासारखं अर्धं गाव कामाला लागलं. ओसऱ्या सारवल्या, दारांना रंग लागला, फुटके डबे माळ्यावर गेले. आमच्याकडे पाहुण्याला फुटक्या कपात चहा देत नाहीत, मग फुटकी भिंत कशी दाखवतील?

शेजारच्या शेवंताबाईनं मात्र काही केलं नाही. तिच्या भिंतीवर साधं कॅलेंडर नव्हतं, आणि हा मायचा जुना राग.

"शेवंते, भित तं पोतारून घे वं. साहेब लोक येऊन राह्यले."

"मले कुठी टाइम आहे बाई? सोयाबीन पडलं आहे वावरात."

माय घरात आली आणि मला म्हणाली, "पाहजो, तिच्या घरात साहेबाले बसाले जागा नाई राहाची."

मी चंद्रपूरला परतले आणि मग ती माणसं येऊन गेली. मायचा फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. तिचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता.

"सुमे, साहेबानं आपल्या भितीचा फोटो काढला!"

"काऊन?"

"काऊन म्हंजे? आवडली त्याले. म्हणे, आजी, भिंत किती छान ठेवली तुम्ही. तुझ्या बाबाच्या फोटोचा बी फोटो घेतला."

"अन् भेगांचं काई इचारलं का?"

"इचारलं ना. म्हटलं, नाई बाप्पा, आमचं घर चांगलं आहे. पाहुण्याले काय घरातलं फुटकं दाखवाचं असते?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. ती पुढं बोलतच होती, चहा दिला, चिवडा दिला, त्यानं दोनदा मागून घेतला. तिचा आनंद एवढा होता की काय होऊन बसलं हे सांगायला माझी जीभ उचलेना. सांगून उपयोगही नव्हता, माणूस बघून गेला होता. गजूला हे ड्युटीवरून आल्यावर कळलं. तो मायवर ओरडला नाही, फक्त ताटावरून उठला. माय मात्र ती दिवाळीभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली की साहेबानं माझ्या भिंतीचा फोटो काढून नेला. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

आमच्या गावातली जी नीटनेटकी घरं होती ती 'चांगली' ठरली. शेवंताबाईला पक्कं घर मिळालं. ती ट्रॅक्टरवर सामान चढवताना मायच्या गळ्यात पडून रडली. महिनाभरानं तिचा निरोप आला, की नवी भिंत भकास दिसते, बाई, तुले येते, तूच येऊन काईतरी लावून दे. मी तेव्हा माहेरी होते, दोघी गेलो. घर छोटं पण घट्ट होतं. शेवंताबाईनं हौसेनं एक देवीचं चित्र आणि नवऱ्याचा फोटो आणून ठेवला होता. माय भिंतीपाशी गेली आणि तळहात फिरवायला लागली. वरून खाली, मग आडवा. बराच वेळ फिरवत राहिली. मग कुठंतरी खिळा टेकवून हाणला, तो वाकला. दुसरा वाकला. शेवटी तिथल्याच कुणीतरी मशीननं भोक पाडून दिलं.

"तुमच्या घरासारखं नाई दिसत बाई," शेवंताबाई म्हणाली.

"नाई दिसाचं," माय म्हणाली.

परतल्यावर आमच्या घराच्या दारात माय एवढंच बोलली, "तिची भित चांगली आहे."

गजूनं मग खाणीच्या ऑफिसात फार खेटे घातले. पुढच्या वर्षी, पुन्हा याच दिवसांत, घर परत बघायला एकजण येईल असं ठरलं. या वेळी गजूनं मला बोलावून घेतलं आणि स्वतः सगळ्या तसबिरी उतरवल्या, देवघरातले देव तेवढे राहिले. जिवतीच्या पुठ्ठ्याला मायनं हात लावू दिला नाही. पोतारायलाही मनाई केली. माय कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. "मले उघडं पडल्यासारखं वाटते रे," ती गजूला म्हणाली. भिंतीवर जिथं जिथं फोटो होते तिथं पांढरे चौकोन उमटले होते, आणि प्रत्येक चौकोनातून एक भेग गेली होती.

आलेला माणूस तरुण होता, घामाघूम झालेला, वागायला चांगला. पाणी प्यायला, आजी म्हणाला. मग मोबाइलमध्ये काहीतरी शोधून भिंतीकडे बघितलं, पुन्हा मोबाइलमध्ये बघितलं.

"आजी, गेल्या वेळी तर भिंत चांगली होती. हा बघा फोटो. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

गजू म्हणाला, "साहेब, भेगा तव्हाच होत्या. फोटोच्या मांग होत्या."

"मग तेव्हाच फोटो उतरवून दाखवायचं ना." तो थोडा हसला. खवचट नव्हतं त्याचं हसणं. त्यानं एका भेगेच्या काठावर बोट फिरवलं. तिथली माती आदल्याच दिवशीच्या हादऱ्यानं सुटली होती, काठ ताजा लाल होता. "ही तर नवीन दिसते. सब्बल वगैरे लावली का कोणी?"

सब्बल म्हणजे पहार. जिनं जन्मभर त्या भिंतीला माती लावली तिला तो विचारत होता की भिंत तूच फोडलीस का. गजूच्या कपाळाची शीर तटतटली, मी त्याचा हात धरला. मायनं वर पाहिलं नाही. त्यानं जाताना पुन्हा भिंतीचा फोटो काढला, आणि मोबाइल वर झाला तशी मायनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तो गेल्यावर ती उठली आणि अंगणातल्या तसबिरी आत आणायला लागली. मला संताप आला होता, तो तिच्यावरच निघाला. "आता कायले लावून राह्यली? आता कोणी पाहुणे नाई येत पाहाले!"

"नाई येत तं नाई. आपण तं राह्यतो ना इथी?" ती म्हणाली आणि बाबांना खिळ्यावर चढवलं.

तू चंद्रपूरला ये, असं मी म्हटलं नसेल असा एकही फोन झालेला नाही. ती येत नाही. आली की दोन दिवसांत तिला परत जायची घाई होते, कारण गजू ड्युटीवर असताना घराला कुलूप दिसलं तर तिथं कोणी राहतच नाही असं लिहून मोकळे होतील, ही तिला धास्ती आहे. ती धास्ती खोटी म्हणून मला सांगता येत नाही. अर्धं गाव उठून गेलं, रिकामी घरं पाडली, एसटी कधी आत वळते कधी सडकेवरूनच जाते. गजू चकरा मारतो आणि त्याला नाही असं कोणी म्हणत नाही. होईल म्हणतात. मी पूर्वी तो शब्द मायला फोनवर सांगायचे, ती देवाला साखर ठेवायची. आता मी सांगत नाही आणि ती विचारत नाही. मला आशा नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नाही.

ऋतुजानं हॉलमधला तो मधला मोठा कागद आजीसाठी राखून ठेवला आहे. "आजींचा एकटीचा, छान मोठा फोटो आणा," असं तिनं मला कधीचं सांगून ठेवलं होतं. मायचा तसा फोटो असल्याचं मला तरी माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात मी गावी गेले. माय एकटीनंच पोतारून बसली होती, हात पोचतो तिथपर्यंत भिंत पांढरी, वर काळपट. मी आत पाऊल टाकलं आणि देवघराकडे बघून थबकले. यंदाच्या पावसात जिवतीचा पुठ्ठा मधोमध फाटला होता. इतक्या वर्षांचे कागद, सगळे एकदम. आणि त्याच्यावर मायचा फोटो होता. भला मोठा, निळ्या पडद्यापुढं काढलेला, हिरवं पातळ, डोक्यावर पदर, डोळे समोर. घरात माणूस गेल्यावर लावतात तसा. फक्त हार नव्हता.

"हा कव्हा काढला वं?"

"गजूसंग गेली होती भद्रावतीले. फोटोवाला इचारे, केवढा पाह्यजे? म्या त्याले सुतळी देल्ली."

"कायची सुतळी?"

"भेगेच्या मापाची. घरून मोजून नेली होती."

"माय, जित्या माणसाचा असा फोटो नाई लावत."

"मालूम आहे मले. नंतर लावाचाच आहे ना? भित तवरक राह्यली पाह्यजे." दुधाला विरजण लावते आहे म्हणून सांगावं, इतक्या सरळ तिनं हे सांगितलं.

मी म्हटलं, तो मला दे, तुझ्या नातसुनेनं मागितला आहे, तिच्या भिंतीवर मधली जागा ठेवली आहे तुझ्यासाठी. मायला बरं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. पण तिनं मान हलवली.

"नाई जमत वं. तो काढला तं उजेड येते."

तिनं फोटोची खालची बाजू जरा उचलली. मी वाकून पाहिलं. भेग आरपार गेली होती. त्या फटीतून आमच्या परसामागचा डोंगर दिसत होता, त्याच्यावरच्या बाभळी, आणि वर चढत जाणारा एक टिप्पर. गजूचा होता का कोण जाणे. तिनं फोटो सोडला आणि डोंगर झाकला गेला.

आम्ही जेवायला बसलो. शिंगाडे मी चंद्रपूरहून नेले होते, ती म्हणाली गोड आहेत. भोंगा झाला. मी ताट झाकलं, तिनं ताट झाकलं. जमीन सरकली, कवेलू खडखडले, पांढऱ्या मातीचा पापुद्रा कुठंतरी गळून पडला. मग माय हात धुऊन उठली. गणपती सरळ केला. बाबांना सरळ केलं. मला आणि माझ्या नवऱ्याला सरळ केलं, गजूच्या वर्गाला सरळ केलं, पोपट, बर्फाचे डोंगर. मग ती स्वतःपाशी आली, पदरानं काच पुसली, आणि उलट्या हातानं, हळूच, स्वतःलाही सरळ केलं.